दोन हजार वेळेवर, पन्नास हजार उशिरा: कोविडकाळातील शेतकरी मदतीचे परीक्षण

कोविडच्या साथीत केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात थेट जे पैसे जमा केले, ते जवळजवळ सगळे पीएम-किसान सन्मान निधी या, दर हप्त्याला दोन हजार रुपये देणाऱ्या, योजनेच्या वाटेने आले. या परीक्षणात मी त्या योजनेकडे एक सेवा म्हणून पाहणार आहे. पैसे कधी आले, कोणाला आले, किती आले आणि ज्याला आले नाहीत त्याने दाद कोठे मागायची, एवढाच माझा विषय आहे. करवीर तालुक्यात आमची उसाची आणि थोडी भाजीपाल्याची शेती आहे, त्यामुळे हे मत लाभार्थी कुटुंबाचे आहे, अभ्यासकाचे नव्हे. निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे पोहोचवणारी यंत्रणा म्हणून ही सेवा मी पाहिलेल्या सरकारी सेवांमध्ये बरीच वरची आहे. साथीतील नुकसानीची मदत म्हणून तिला उत्तीर्ण करणे मला जमत नाही. आणि कोल्हापूरच्या नियमित कर्जफेड करणाऱ्या शेतकऱ्याला राज्य सरकारने कबूल केलेली पन्नास हजारांपर्यंतची, म्हणजे एका हप्त्याच्या पंचवीसपट, रक्कम याच साथीच्या नावाखाली अडीच वर्षांहून अधिक काळ अडून राहिली, हे हिशेबात धरल्याशिवाय कोणतेही गुण देता येत नाहीत.

आधी ही मदत नेमकी काय होती ते पाहू. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १.७० लाख कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी दोन हजार रुपये जमा होतील असे सांगण्यात आले. ऐकणाऱ्याला ही साथीसाठीची वेगळी मदत वाटली, आणि आमच्या चावडीवरही तीच चर्चा होती. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या आणि वर्षाला तीन हप्त्यांत सहा हजार देणाऱ्या योजनेचा हा एप्रिल ते जुलै या काळाचा नेहमीचा हप्ता होता. तो जुलैपर्यंत कधीही येऊ शकला असता, तो एप्रिलच्या आरंभी आला. वर्षाची बेरीज सहा हजारच राहिली. साथीचे म्हणून त्यात रुपयाची भर पडली नाही. त्याच पॅकेजमध्ये खरोखर नवा पैसा होता तो महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने जमा झालेला दरमहा पाचशे रुपयांचा. म्हणजे एखाद्या घरात बाईचे जनधन खाते आणि नवऱ्याचे पीएम-किसान असेल, तर साथीची मदत बाईच्या खात्यात दीड हजाराची आली आणि नवऱ्याला त्याचेच ठरलेले पैसे थोडे आधी मिळाले. घरात मान मात्र नवऱ्याच्या दोन हजारांना मिळाला!

आता जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. एप्रिल २०२० मध्ये आमच्या भागात रोख पैशाची जी चणचण होती, तिची कल्पना आज येणे कठीण आहे. उसाचा हंगाम संपत आलेला होता, पण उसाचे बिल खात्यावर जमा होते आणि पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीची वसुली त्यातूनच कापली जाते, त्यामुळे हातात रोज खेळणारा पैसा हा भाजी, दूध आणि फुले यांचाच असतो. शाहू मार्केट यार्डातील व्यवहारांवर निर्बंध आले, गावोगावचे आठवडी बाजार बंद झाले, जोतिबाची चैत्र यात्रा रद्द झाली, अंबाबाईचे मंदिर बंद राहिले आणि लग्नसराई तर सुरू होण्याआधीच आटोपली. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत हरितगृहांत जरबेरा घेणाऱ्यांना तोडणी थांबवता येत नव्हती, कारण फूल न तोडल्यास झाड बिघडते, आणि तोडलेली फुले नेण्यासाठी बाजारच नव्हता. कोबी आणि टोमॅटोच्या उभ्या पिकात रोटर मारणारे शेतकरी त्या महिन्यात प्रत्येक गावात होते. अशा वेळी कोणताही अर्ज न भरता, कोणाच्याही दारात न जाता, मोबाइलवर संदेश येऊन खात्यात दोन हजार जमा झाले, तेव्हा त्या रकमेचे मोल तिच्या आकड्यापेक्षा जास्त होते. किराणा, औषध आणि जनावरांच्या पेंडीचे पोते एवढे त्यातून भागले.

यामागची व्यवस्था समजून घेतली तर कौतुक वाढते. राज्य सरकारने तपासलेली लाभार्थ्यांची यादी, केंद्राच्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीतून झालेली खात्यांची पडताळणी, राज्याने सही करून पाठवलेली निधीची मागणी आणि मग बँकांकडे गेलेला आदेश, असा हा प्रवास टाळेबंदीच्या आधीच घालून ठेवलेला होता. डिसेंबर २०१९ पासून हप्त्यासाठी आधार जोडणी सक्तीची झाली होती, तेव्हा तिच्यावर आमच्याकडे भरपूर टीका झाली आणि त्यातली काही रास्तही होती, पण मार्चमध्ये सर्व कार्यालये ओस पडल्यावर त्याच तयारीमुळे पैसे निघाले. शिवाय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सोयीमुळे टपालवाले अंगठा घेऊन आधाराशी जोडलेल्या कोणत्याही बँकेच्या खात्यातील रोकड घरपोच देत होते. वयस्क खातेदारांना तालुक्याच्या गावी जाऊन बँकेपुढे उभे राहावे लागले नाही. टपाल खात्याच्या या कामाची म्हणावी तेवढी नोंद झाली नाही, ती येथे करतो.

पुढचे हप्तेही चुकले नाहीत. ९ ऑगस्ट २०२० रोजी सहावा, २५ डिसेंबर २०२० रोजी सातवा आणि १४ मे २०२१ रोजी आठवा हप्ता आला. आठवा हप्ता आला त्या सुमारास कोल्हापूर जिल्हा दुसऱ्या लाटेच्या कचाट्यात होता आणि येथे पुन्हा कडक टाळेबंदी लागली होती. पहिल्या खेपेची नवलाई आता उरली नव्हती आणि रक्कम तीच होती. दरम्यान २०१९ च्या महापुरातून सावरणारे नदीकाठचे शेतकरी जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाण्याखाली गेले.

येथे मूळ आक्षेपाकडे येतो. पूर आला की आपल्याकडे काही का होईना, पण नुकसान मोजले जाते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात, पंचनामा होतो, गुंठे लिहिले जातात. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने हेक्टरी दहा हजार आणि फळबागांना हेक्टरी पंचवीस हजार रुपये दोन हेक्टरच्या मर्यादेत जाहीर केले; म्हणजे गुंठ्याला शंभर रुपये, पण त्या शंभरामागे निदान एक मोजणी होती. टाळेबंदीत कोबीवर रोटर मारणाऱ्याच्या बांधावर पंचनाम्याला कोणी आले नाही, आणि नियमानुसार येण्याचे कारणही नव्हते. केंद्रीय गृह मंत्रालयाने १४ मार्च २०२० रोजी कोविडला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीपुरती अधिसूचित आपत्ती मानले खरे, पण तो निधी विलगीकरण, नमुने, तपासणी आणि वैद्यकीय साहित्य यांसाठी होता. पीकविमा उत्पादनातील घट मोजतो; पीक उत्तम आले आणि बाजार बंद म्हणून सडले, तर त्याच्या दृष्टीने नुकसान झालेलेच नसते. त्यामुळे जे नुकसान निसर्गाने केले नव्हते आणि जे सरकारच्याच आदेशाने, भले योग्य कारणासाठी, झाले होते, त्यासाठी भरपाईचा रकानाच कोठे नव्हता. रकाना नसल्यावर हाताशी होता तो सपाट हप्ता पुढे करण्यात आला.

अमेरिकेने त्याच वर्षी याच्या उलट पद्धत अवलंबली. तेथील कृषी खात्याने मे २०२० मध्ये कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम नावाची योजना काढली आणि जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव किमान पाच टक्क्यांनी घसरला, त्या मालाच्या उत्पादकांना मालाच्या प्रमाणात पैसे दिले. थेट देण्यासाठी १६ अब्ज डॉलर ठेवले होते आणि एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. नुकसानीशी रक्कम जोडण्याची ती रीत मला पटते, पण तिच्यात ज्याची शेती मोठी त्याचा वाटा मोठा होतो, हा दोषही दिसतो. आपल्या दोन हजारांत दहा गुंठेवाला आणि दहा एकरवाला एकाच ओळीत बसतात. दहा गुंठेवाल्याच्या बाजूने पाहिले तर तो न्याय आहे. तेव्हा सपाट रक्कम असू नये असे माझे म्हणणे नाही; सपाट रकमेच्या वर, बाजार बंद ठेवल्यामुळे नासलेल्या नाशवंत मालासाठी काहीतरी असायला हवे होते. ऊसवाला तरला, कारण त्याचा माल कारखान्याने नेला. भाजीवाला आणि फूलवाला बुडाला. दोघांना एप्रिलमध्ये तेच दोन हजार मिळाले.

रक्कम किती पुरते याचे एकच उदाहरण देतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये डीएपी या खताच्या पन्नास किलोच्या पोत्याचा भाव बाराशेवरून एकोणीसशे रुपयांवर गेला. आठवा हप्ता १४ मेला आला, तेव्हा उसाच्या भरणीला आणि आडसालीच्या तयारीला लागलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे तोच भाव होता. १९ मेला केंद्राने पोत्यामागचे अनुदान पाचशेवरून बाराशे केले आणि भाव परत बाराशेवर आला. पोत्यामागे सातशे रुपये वाचले, म्हणजे तीन पोत्यांमागे एकवीसशे. एकरभर उसाला तेवढे खत सहज लागते. ज्या निर्णयासाठी मोठा समारंभ झाला नाही त्याने ऊस उत्पादकाचा हप्त्यापेक्षा जास्त पैसा वाचवला, आणि तो खंडाने शेती करणाऱ्यालाही मिळाला, ज्याच्यासाठी पीएम-किसानच्या यादीत जागाच नाही.

यादीचा प्रश्न या सेवेतला सर्वांत किचकट भाग आहे. लाभ मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, आणि तेही १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी असलेल्या नोंदीप्रमाणे. त्यानंतर जमीन विकत घेतलेला माणूस अपात्र, वारसाने आलेली जमीन मात्र चालते. खंडाने किंवा वाट्याने कसणारा, ज्याने बियाणे, खत आणि मजुरी स्वतःच्या खिशातून घातली, त्याला काहीच नाही. जमीन दुसऱ्याला देऊन पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मालकाला, तो प्राप्तिकर भरत नसेल तर, हप्ता चालू. कोल्हापूरकडे याला आणखी एक पदर आहे. आमच्या अनेक सातबाऱ्यांवर अजूनही थोरल्या भावाचे नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलेले आहे. भाऊ वेगळे होऊन पंधरा-वीस वर्षे झाली, चुली वेगळ्या, बांध वेगळे, पाण्याच्या पाळ्याही वेगळ्या, पण कागदावर एकच नाव. अशा घरात थोरल्याला हप्ता येतो आणि धाकट्यांना फेरफार होईपर्यंत थांबावे लागते. टाळेबंदीत फेरफार होणे दूर, चावडीचे कुलूप उघडणे कठीण होते. त्या काळात वडील वारलेल्या कुटुंबांची गत याहून वाईट झाली: खातेदार गेला म्हणून हप्ता थांबला आणि वारसनोंद रखडली म्हणून नवा सुरू झाला नाही. साथीच्या मदतीसाठी निवडलेली वाट साथीत कर्ता माणूस गमावलेल्या घराशीच येऊन तुटत होती.

बायकांच्या नावाबद्दल वेगळे सांगायला हवे. पती, पत्नी आणि अज्ञान मुले असे एक कुटुंब धरून त्याला एकच लाभ मिळतो, ही अट समजण्यासारखी आहे. पण तो लाभ जमीन ज्याच्या नावावर त्याला, आणि जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना राज्यात कित्येक वर्षांपासून आहे, तरी आमच्या परिसरात तिचा फायदा घेतलेली घरे विरळाच आढळतात. भांगलण, भाजीची तोडणी आणि जनावरांचे सगळे काम करणाऱ्या बाईपर्यंत पीएम-किसानची रक्कम पोहोचली ती घरातल्या पुरुषाच्या मर्जीने.

अपात्रतेच्या अटी कागदावर योग्य आहेत: आजी-माजी लोकप्रतिनिधी, चतुर्थ श्रेणी वगळून सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील, अभियंते आणि मागील वर्षी प्राप्तिकर भरलेले. त्रास झाला तो शेवटच्या अटीचा. गोकुळ शिरगाव, कागल किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करायचे आणि सकाळ-संध्याकाळ वीस-तीस गुंठे पाहायचे, अशी आमच्याकडील असंख्य घरांची रीत आहे. एखाद्या वर्षी जादा कामाच्या पगारामुळे थोडासा कर कापला गेला आणि पुढे सगळ्या हप्त्यांच्या वसुलीची नोटीस आली. आधी खात्यात टाकायचे, नंतर तहसील कार्यालयातून परत मागायचे, आणि हे नेमके साथीच्या काळात, यात सेवा देणाऱ्याचा दोष अधिक आहे. प्राप्तिकर खात्याची माहिती सरकारच्याच हाती होती आणि ती पैसे देण्यापूर्वी ताडून पाहता आली असती. ज्यांनी जाणूनबुजून खोटी स्वयंघोषणा दिली त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही.

आता तक्रार निवारण. येथे ही सेवा अगदीच उघडी पडते. हप्ता आला नाही तर संकेतस्थळावर लाभार्थ्याची स्थिती पाहता येते, ही चांगली सोय आहे, पण तेथे दिसणारे वाक्य शेतकऱ्यासाठी लिहिलेले नसते. ‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ असे वाचून काय करायचे? बँकेत जायचे, तलाठ्याकडे की कृषी कार्यालयात? आमच्या शेजारच्या एका वृद्ध खातेदाराचे सलग हप्ते अडकले होते. त्यांच्या बँकेने कृषी कार्यालयाकडे बोट दाखवले, कृषी कार्यालयाने तहसीलकडे, तहसीलने पुन्हा बँकेकडे. महा-ई-सेवा केंद्रातल्या एका तरुण मुलाने पाच मिनिटांत खरे कारण शोधले: पूर्वी दुसऱ्याच एका योजनेसाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्याला त्यांचे आधार जोडलेले होते, आणि आधारावर आधारित रक्कम ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडले त्या खात्यात जाते. पैसे तेथे सुखरूप पडून होते. ही एवढी माहिती तीन कार्यालयांपैकी एकाही खिडकीवर मिळू नये, याचे आश्चर्य वाटते. त्यातच २०२० मध्ये सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले आणि पुढच्या वर्षी अनेक शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. राज्यात तर लाभार्थ्यांच्या नोंदींचे काम महसूल खात्याने करायचे की कृषी खात्याने, यावरून दोन्ही खात्यांचे कर्मचारी अडून बसले. १५५२६१ हा मदत क्रमांक आहे, पण तेथे उचललेला फोन आणि सुटलेली तक्रार या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे.

दुधाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात आलीच नाही. टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाल्याने गाईच्या दुधाचे दर कोसळले, तेव्हा राज्य सरकारने रोज दहा लाख लिटर दूध पंचवीस रुपये लिटर दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय केला. हा पैसा दूध संघांच्या मार्गाने फिरला. म्हशीच्या दुधावर आणि गोकुळ, वारणा यांच्यासारख्या मोठ्या संघांवर उभ्या असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला राज्याच्या इतर भागांइतका फटका बसला नाही, तरी गाईवाल्यांना बसलाच. स्वाभिमानी शेतकरी संघटनेने २१ जुलै २०२० रोजी दूध बंद आंदोलन केले, तेव्हा मागणी होती ती लिटरला पाच रुपये थेट उत्पादकाच्या खात्यावर देण्याची. पीएम-किसानची तयार वाट समोर असताना आणि दूध सोसायटीच्या दप्तरात प्रत्येक उत्पादकाचे रोजचे लिटर लिहिलेले असताना ती मागणी अव्यवहार्य मुळीच नव्हती.

आणि आता तो पन्नास हजारांचा विषय. ६ मार्च २०२० रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडताना नियमित पीककर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यांना पन्नास हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा केली. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली होती, पण ती थकबाकीदारांसाठी होती. कोल्हापुरात उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज कापून जात असल्याने थकबाकीदार तुलनेने कमी, आणि म्हणून दर कर्जमाफीच्या वेळी हा जिल्हा कोरडा राहतो, ही येथील जुनी तक्रार. प्रोत्साहनाची घोषणा त्या तक्रारीला दिलेले उत्तर होते, आणि गावोगावच्या सोसायट्यांत तिचे स्वागतही मनापासून झाले. तीन दिवसांनी, ९ मार्चला, पुण्यात राज्यातले पहिले कोविड रुग्ण सापडले. तिजोरी आटली आणि प्रोत्साहन मागे पडले.

सरकारची अडचण खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी कर्मचाऱ्यांचे पगारही टप्प्यांत देण्याची पाळी आली होती. पण घोषणा रद्द झाली नाही आणि अमलातही आली नाही, हा प्रकार शेतकऱ्याला सर्वांत जाचक ठरतो, कारण तो त्या रकमेवर मनातल्या मनात एखादी पाइपलाइन किंवा मोटर घेऊन बसलेला असतो. ११ मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात ती घोषणा पुन्हा झाली, मध्येच सरकार बदलले, जुलै २०२२ च्या अखेरीस शासन निर्णय निघाला आणि पहिल्या यादीतील रकमा ऑक्टोबर २०२२ मध्ये खात्यांवर आल्या. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० या तीनपैकी कोणत्याही दोन वर्षांचे कर्ज मुदतीत फेडलेले असावे, अशी अट होती. कर्जाची मुद्दल पन्नास हजारांपेक्षा कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळणार होती. आधार प्रमाणीकरण पुन्हा एकदा झाले. सोसायटीच्या गटसचिवांनी याद्या लावणे, विशिष्ट क्रमांक शोधून देणे आणि केंद्रावर माणसे पाठवणे हे काम ज्या चिकाटीने केले, ते पाहता त्या टप्प्याला मी चांगले गुण देईन. पण हिशेब करून पाहा: पन्नास हजारांवर साध्या सात टक्क्यांनी अडीच वर्षांचे व्याज पावणेनऊ हजार रुपये होते, म्हणजे पीएम-किसानचे चार हप्ते आणि वर काही. टाळेबंदीच्या काळात एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने किती थोपवून धरले होते, ते यावरून दिसते.

साथीत केंद्राने आणि राज्याने शेतकऱ्यांसाठी आणखी काहीच केले नाही, असेही नव्हे. अल्पमुदत पीककर्जाच्या फेडीची मुदत ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवून केंद्राने व्याजसवलत टिकवली, आणि २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्के व्याजाने देण्याचे राज्याने ठरवले. हे दोन्ही निर्णय कोल्हापूरसारख्या वेळेत फेडणाऱ्या जिल्ह्याच्या उपयोगाचे होते. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम आणि घरकाम करणारे यांना दीड हजार आणि आदिवासी कुटुंबांना दोन हजार होते. भाजी पिकवणाऱ्याचा उल्लेख त्यात नव्हता, भाजी विकणाऱ्याचा होता. फेरीवाल्याला मिळाले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

ही सेवा आजही चालू आहे, आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये आल्यापासून वर्षाची रक्कम दोन्ही मिळून बारा हजारांवर गेली आहे, त्यामुळे नोंद नीट ठेवण्याचे महत्त्व दुप्पट झाले आहे. ज्यांचा हप्ता अडला आहे त्यांनी कार्यालयांच्या फेऱ्या सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेले आहे हे बँकेत किंवा सेवा केंद्रात विचारावे. ई-केवायसी झाले आहे का ते संकेतस्थळावर तपासावे. आणि सातबाऱ्यावरील नाव व आधारवरील नाव अक्षरशः जुळते का हे चष्मा लावून वाचावे. ए.कु.मॅ. नोंद असलेल्या भावांनी हप्त्याची वाट न पाहता आधी तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जनधन खाते असलेल्या बायकांनी पासबुकावर २०२० च्या एप्रिल ते जून या काळातील पाचशेच्या तीन नोंदी एकदा पाहाव्यात. खाते बंद पडलेले असेल तर ते पैसे आजही तेथेच असण्याची शक्यता आहे, आणि ते खाते पुन्हा चालू करून घेता येते.